पहिल्या प्रतीचा घोळ

आकाशाकडे बघून पोट भरणारी माणसं जगात मुळातच थोडी. त्यातही आपण डोळा लावला की आकाश हमखास भरून येणार, असा लौकिक मिळवलेला माणूस एकच होता, आणि त्याला सगळं खातं ढगोबा म्हणत असे. तरुणपणी दुर्बिणीवर त्याची पाळी लागली की वेधशाळेचा रखवालदार घरून निघतानाच छत्री घेऊन निघायचा. एकदा तर एका आटलेल्या तलावाकाठच्या लोकांनी ‘तुमच्या त्या साहेबांना चार दिवस आमच्याकडे पाठवता का?’ असं विचारलं होतं म्हणे. म्हणे म्हणजे ढगोबाच म्हणे. खरं-खोटं कुणी तपासलं नाही, कारण सांगणाराच स्वतःच्या तोंडाला काळं फासून घेतोय म्हटल्यावर लोक पुरावा मागत नाहीत. ढगोबाला हे पक्कं ठाऊक होतं. आपली टिंगल दुसऱ्यानं करायच्या आत आपणच उरकून घ्यावी, निदान ती नेटकी तरी होते, असं त्याचं धोरण होतं.

आकाशानं असं तोंड फिरवलेला माणूस हळूहळू समित्यांवर जातो. समितीच्या खोलीला छप्पर असतं; तिथं ढगांचं काही चालत नाही. ढगोबाही एका समितीतून दुसऱ्या समितीत सरकत सरकत, साठीला टेकता टेकता, सगळ्यांत मोठ्या समितीचा सदस्य-सचिव झाला. पुढची पंधरा वर्षं देशानं आकाशाकडे कुठून बघायचं, कशानं बघायचं, याचा आराखडा करणं हे त्या समितीचं काम. काम एवढं मोठं, की बैठकीत कुणी खिडकीतून बाहेर बघत बसला तरी तो कामच करतोय असं म्हणता यायचं.

या आराखड्यात ढगोबाचा जीव अडकला होता, आणि त्याचं कारण होतं एक पठार.

तरुणपणी त्याला एका उंच, कोरड्या, ओसाड पठारावर हवा तपासायला पाठवलं होतं. तंबू, मोजणीची यंत्रं आणि टिनमधला पाव एवढ्या भांडवलावर त्यानं तिथं अख्खा हंगाम काढला. आणि चमत्कार असा, की ढगोबा स्वतः हजर असूनही आकाश निरभ्र राहिलं! जिथं आपण असूनही ढग येत नाहीत ती जागा जगात सर्वोत्तम, हा त्याचा युक्तिवाद शास्त्रीय नव्हता, पण खोडून कुणालाच काढता येत नव्हता. तिथं आठ मीटर रुंद आरशाची दुर्बीण बसवायची, एवढं एकच मागणं त्यानं जन्मभर केलं. मागच्या आराखड्यात ती ‘विचाराधीन’ होती. त्याच्या मागच्यात ‘सहानुभूतीनं विचाराधीन’ होती. आता आली तर आली. पुढचा आराखडा होईल तेव्हा ढगोबा सभागृहातच असेल, पण भिंतीवर, चौकटीत.

आडवा येणारा माणूस ठरलेला होता. त्याला भोंगा म्हणत, कारण तो कानात बोलला तरी जिन्यात ऐकू जायचं. हा रेडिओवाला. म्हणजे आकाश डोळ्यांनी बघायचं नाही, मोठमोठ्या तबकड्या लावून ऐकायचं, या पंथाचा. ढगोबा आणि भोंगा एकाच बाकावर शिकले, दोघांनी एकाच गुरूच्या शिव्या खाल्ल्या, एकाच खोलीत राहून एकमेकांचे मोजे घातले. मग एकानं डोळा धरला, दुसऱ्यानं कान धरला, आणि तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. गेल्या आराखड्यात दोघांनी एकमेकांचे प्रकल्प असे बुडवले होते, की कुणी कुणाचा जास्त खोल बुडवला यावर अजून जेवणाच्या सुट्टीत वाद चालत.

राहिली ढगोबाची बायको. तिचं चौकात चष्म्याचं दुकान होतं. दुकान चालायचं उत्तम, आणि घरही त्यावरच चालायचं, कारण ढगोबाचा पगार पुस्तकांवर आणि दुरुस्त न होणाऱ्या घड्याळांवर जाई. कुणी विचारलं तर ती सांगायची, “हे दूरचं बघतात, मी जवळचं बघते. संसार मधल्या अंतरावर पडलाय, तो दोघांनाही धूसर दिसतो. म्हणून टिकलाय.”

*

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर. लांबट टेबल, मधोमध प्लास्टिकची फुलं, वर एक पंखा. त्याला वेग दोनच, बंद आणि वादळ. खिडकीच्या बाजूला ढगोबासकट डोळेवाले पाच, भिंतीच्या बाजूला भोंग्यासकट कानवाले पाच, आणि दाराशी खात्याचे वित्तसल्लागार, ज्यांना मागं सगळे कात्रीसाहेब म्हणत आणि पुढ्यात कुणीच काही म्हणत नसे. टेबलाच्या टोकाला अध्यक्षबाई. त्या समितीतल्या जवळपास सगळ्यांहून वयानं लहान, त्यामुळे सगळे त्यांना जरा जास्तच अदबीनं मॅडम म्हणत. त्यांचा स्वतःचा जीव तिसऱ्याच प्रकल्पात होता: दुर्बीण सरळ अवकाशात सोडायची, म्हणजे ढगही नकोत आणि ढगोबाही नको.

तर प्रकल्प तीन. पठारावरची दुर्बीण, तबकड्यांचं शेत आणि अवकाशातली दुर्बीण. बैठकांवर बैठका झाल्या. डोळेवाले बोलले की कानवाल्यांना खोकला यायचा, कानवाले बोलले की डोळेवाले चष्मे पुसायचे. शेवटी अध्यक्षबाईंनी टेबलावर हात आपटला.

“पुरे आता. चिठ्ठ्या टाका. मी अध्यक्ष आहे, मी टाकणार नाही. बाकी अकरा जणांनी टाकायच्या. सचिव, सूचना तुम्ही लिहा. आणि हे बघा, एका वाक्यात. मागच्या वेळी तुमची सूचना दीड पान होती, आणि शेवटी ‘तथापि’ होतं.”

ढगोबाला आपल्या भाषेचा फार अभिमान. इतका, की बायको वाण्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्यायची टाळत असे. त्यानं पेन उघडलं. ‘गुण द्यावेत’ असं लिहिणार, तेवढ्यात तो थबकला. गुण? हे काय शाळेतले मुलगे आहेत? एवढे मानाचे शास्त्रज्ञ, देशाच्या आकाशाचा निकाल, आणि शब्द काय, तर गुण! त्यानं तो खोडला आणि एक झकास, भारदस्त, धंद्याला शोभणारा शब्द लिहिला. वाक्य असं झालं:

‘सदस्यांनी प्रत्येक प्रकल्पास एक ते सहा यांमधील प्रत द्यावी.’

त्यानं ते तीनदा वाचलं. तिन्ही वेळा आवडलं.

आता घोळ काय झाला तो बघा. तारे बघणाऱ्यांच्या भाषेत ताऱ्याला प्रत असते. झगझगीत तारे पहिल्या प्रतीचे, आणि डोळे फाडून बघितल्यावर जेमतेम दिसतात ते सहाव्या प्रतीचे. आकडा लहान तर तारा मोठा. हे उलटं गणित दोन हजार वर्षं चालत आलंय, आणि ज्यांचा जन्म त्यात गेला त्यांना ते उलटं आहे हेच आठवत नाही. रेडिओवाल्यांचं तसं नसतं. त्यांच्या मापात आकडा मोठा तर आकाशातला आवाज मोठा, हिशेब सरळ. त्यांनी ‘एक ते सहा’ वाचलं आणि त्यांच्या डोक्यात सरळ आलं, सहापैकी सहा म्हणजे पैकीच्या पैकी.

तेव्हा खिडकीकडच्या पाचांनी पठाराला एक दिला, म्हणजे उत्तम. आणि तबकड्यांना सहा, म्हणजे गाळ. भिंतीकडच्या पाचांनी तबकड्यांना सहा दिला, म्हणजे उत्तम. आणि पठाराला एक, म्हणजे गाळ. अवकाशातल्या दुर्बिणीला सगळ्यांनी सभ्यपणे तीन दिला. मॅडम समोरच बसल्या होत्या. कात्रीसाहेबांनी चिठ्ठीकडे बराच वेळ बघितलं आणि तिन्ही प्रकल्पांपुढं तीन-तीन-तीन लिहून ती बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकली.

अध्यक्षबाईंनी बेरजा वाचल्या. “पठार, तेरा. अवकाश, तेहतीस. तबकड्या, त्रेसष्ट.”

खोलीत टाळ्यांचा असा कडकडाट झाला, की खालच्या मजल्यावरचा माणूस वर बघायला आला. खिडकीची बाजू टाळ्या पिटतेय, भिंतीची बाजू टाळ्या पिटतेय. अध्यक्षबाईंचे डोळेच भरून आले.

“एवढा स्पष्ट निकाल मी पाहिला नव्हता,” त्या म्हणाल्या. “यावर बोलण्याची गरजच नाही. सचिव, मसुदा करा, आठवड्यानं खात्यात देऊ.” आणि त्या विमान गाठायला पळाल्या.

*

ढगोबानं आपल्या खोलीत येऊन दार लावलं आणि चिठ्ठ्या पुन्हा पसरल्या. हिरव्या शाईतली चिठ्ठी भोंग्याची. ते कोंबडीच्या पायांसारखं अक्षर त्यानं आंधळ्यासारखं चाचपूनही ओळखलं असतं. पठार: एक. तबकड्या: सहा.

ढगोबा खुर्चीत बसला तो बसलाच. भोंग्यानं पठाराला पहिली प्रत दिली! आणि स्वतःच्या तबकड्यांना सहावी! जेमतेम दिसणारी!

आता कुणीही शुद्धीवरचा माणूस असता तर त्याला शंका आली असती. पण ढगोबा पडला संशोधक. पुरावा मनासारखा निघाला की तो पुन्हा तपासायचा नसतो, हे त्यानं नोकरीतच शिकून घेतलं होतं. ‘पश्चात्ताप,’ तो स्वतःशी म्हणाला. ‘उतारवयात होतो माणसाला. केवढं मन! आणि मी मात्र त्याला सहावी प्रत दिली. हलकट कुठला मी.’ हलकट म्हणून घेताना त्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं, ते वेगळं.

तो तडक दुकानात गेला. बायको एका गिऱ्हाइकाच्या नाकावर चौकट बसवून बघत होती.

“अगं, आलं! पठार आलं!”

“कुठं?” ती गिऱ्हाइकाच्या कानामागची काडी वाकवत म्हणाली. “बसा. पाणी प्या. आणि काचेला हात लावू नका, आत्ताच पुसलीय.”

मग तो आठवडा ढगोबानं हवेत काढला. मसुदा सुरेख उतरला. पहिल्याच परिच्छेदात पठार, एकमतानं. जिन्यात भोंगा भेटला की ढगोबा बाजूला होऊन त्याला वाट द्यायचा. भोंगाही थांबून त्याला वाट द्यायचा. दोघं ‘तू आधी, तू आधी’ करत उभे, आणि मागं चहावाला ट्रे घेऊन तिष्ठत. खात्यात कुजबूज सुरू झाली, की दोघांपैकी एकाला काहीतरी मोठं दुखणं निघालंय. फक्त कुणाला, यावर एकमत होईना.

*

मसुदा द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी भोंगा चष्म्याच्या दुकानात अवतरला. किती वर्षांनी, ते दुकानालाच माहीत.

“या भावोजी! वाट चुकलात की काय?”

“चष्मा बदलायचाय वहिनी. आता फोटो निघतील, पेपरात येतील. हा जुना बघा, यात मी माझ्याच वडिलांसारखा दिसतो.”

“बसा. हनुवटी टेका.” तिनं त्याच्या नाकावर तपासणीची जड चौकट चढवली आणि भिंगं बदलायला घेतली. ढगोबा कोपऱ्यातल्या स्टुलावर होता. त्याला ‘फोटो’ ऐकून भरून आलं. बिचारा. हरल्यावरही हौस आहे.

“लेका,” भोंगा हनुवटी टेकल्या टेकल्या गरजला, आणि शोकेसमधल्या काचा किणकिणल्या, “तू जे केलंस ना, त्याला काळीज लागतं.”

“मी? अरे, केलंस ते तू.”

“छे छे, तू.”

“तूच रे. मी तर साधा माणूस.”

“भावोजी, बोलू नका. खालची ओळ वाचा.”

“वाचतो. वहिनी, याला जरा सांभाळा हो. वरून हसतोय, पण आतून…”

“आतून काय?” ढगोबा म्हणाला. “मी उत्तम आहे. तूच मनाला लावून घेऊ नकोस.”

“मी कशाला लावून घेऊ?”

काय हा धीर, ढगोबाच्या मनात आलं. त्याला राहवेना. तो स्टूल पुढं ओढत म्हणाला, “ऐक. माझ्या पठाराच्या पायथ्याशी मोकळी सपाट जागा आहे. चारी बाजूंनी डोंगर. तुझ्या तबकड्यांना याहून शांत जागा मिळायची नाही. तिथं लाव काही. माझ्यातर्फे.”

भोंग्याला हुंदकाच आला. हरला तरी जागा देतोय! “आणि माझंही ऐक,” तो म्हणाला. “मी तिथवर रस्ता नेणार, विजेची तार नेणार. तुला वर पठारापर्यंत हवी तर घे तार. लाव एखादी छोटीशी दुर्बीण. मी आडवा आलो तर थोबाडीत मार.”

कुठला रस्ता, कुठली तार, ढगोबाला कळेना. पण हरलेल्या माणसाचं स्वप्न मोडू नये म्हणून त्यानं मान डोलावली.

बायकोचा हात मात्र भिंगाच्या पेटीवरच थांबला.

“एक मिनिट. भावोजी, हलू नका. तुमचा तो निकाल लागला ना? त्यात जिंकलं कोण?”

“मी,” दोघं एकदम म्हणाले.

मग दोघांनी एकमेकांकडे बघितलं. डोळ्यांत अपार करुणा. बिचाऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

“किती आकड्यांनी?”

“तेरा,” ढगोबा म्हणाला.

“त्रेसष्ट,” भोंगा म्हणाला.

“मग तेरावाला जिंकतो की त्रेसष्टवाला?” ती म्हणाली. “माझ्या दुकानात आकडा वाढला की डोळा वाईट. शाळेत आकडा वाढला की पोरगं हुशार. तुमच्यात काय रीत आहे?”

दुकानात इतकी शांतता पसरली, की भोंगासुद्धा हळू आवाजात बोलला, आणि हे त्याला ओळखणाऱ्यांना खरं वाटणार नाही.

“तू पठाराला एक दिलास… चांगला म्हणून?”

“प्रत लिहिलंय तिथं! पहिली प्रत! दोन हजार वर्षं जगात…”

“सहापैकी एक म्हणजे नापास! शेंबडं पोर सांगेल! आणि माझ्या तबकड्यांना तू सहा दिलास म्हणून मी आठवडाभर तुझ्यासाठी रडतोय!”

“मी पण रडतोय!”

“परत दे माझं रडणं!”

“भावोजी, चौकट काढा नाकावरून, महाग आहे,” वहिनी म्हणाली.

भोंग्यानं चौकट काढली, जुना चष्मा घातला आणि फोन बाहेर काढला. “मी मॅडमना सांगतो.”

ढगोबा उभा होता. मसुदा त्याच्या पिशवीत होता, पूर्ण, सहीसकट. शब्दकोश त्याच्या बाजूनं होता. ‘प्रत म्हणजे प्रत, ज्याला कळत नाही त्यानं विचारायचं होतं,’ एवढं म्हणून अडून बसायचं. सूचना लिहिणारा तो, तिचा अर्थ सांगणाराही तोच. पठार जागच्या जागी राहील. त्यानं क्षणभर ते पठार बघितलं. पहिल्यांदाच इतकं जवळ होतं. आयुष्यात एकदा आकाश मोकळं झालं, तेही शब्द चुकला म्हणून.

बायको नुसतं भिंग पुसत होती, आणि पुसून झालेलंच पुसत होती.

“फोन ठेव,” तो भोंग्याला म्हणाला. “मी करतो. अक्कल मीच पाजळली होती.”

*

दुसऱ्या दिवशी सकाळी तीच खोली, तोच पंखा. ढगोबानं उभं राहून सगळं सांगितलं. ‘गुण’ का खोडला तेही सांगितलं. पाच डोळेवाले आणि पाच कानवाले आपापल्या टाळ्या आठवून खाली बघत होते.

अध्यक्षबाईंनी कागद ओढला. “ठीक. रेडिओकडचे आकडे उलटे करून मांडू. एकाचा सहा, सहाचा एक, तिनाचा चार.” त्यांनी बेरीज केली. मग परत केली. “पठार, अडतीस. तबकड्या, अडतीस.” त्या थांबल्या. “माझी पण अडतीस.”

कुणीतरी खोकलं.

“म्हणजे,” त्या म्हणाल्या, “देशातले दहा निवडक शास्त्रज्ञ वर्षभर बसले, आणि त्यांचं मत काय, तर सगळं सारखंच.”

“मॅडम,” दाराशी कात्रीसाहेबांनी बोट वर केलं. वर्षभरात पहिल्यांदा. “माझे तीन-तीन त्यात धरू नका. ते मत नव्हतं.”

“मग काय होतं?”

“प्रती. किती प्रती द्यायच्या असं विचारलं होतं ना? मी प्रत्येक प्रस्तावाच्या तीन प्रती मागितल्या. अजून आल्या नाहीत.”

ढगोबानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एका शब्दानं एवढी माणसं एवढ्या वेगवेगळ्या दिशांना पाठवणारा लेखक भाषेला बऱ्याच दिवसांत मिळाला नसेल, असं त्याला वाटलं, आणि बोटांआड त्याला हसू आवरेना.

“पस्तीस, पस्तीस, पस्तीस,” अध्यक्षबाई थंडपणे म्हणाल्या. “आता?”

आता काय, भडकाच उडाला. खिडकी भिंतीवर ओरडायला लागली, भिंत खिडकीवर. भोंगा उठला आणि ढगोबाकडे बोट रोखून गरजला, “काल तर पायथ्याची जागा देत होतास! आज लगेच कंजूष झालास?”

“आणि तू? तार देत होतास ना पठारापर्यंत? थोबाडीत मार म्हणालास, ये, मारतो!”

“थांबा,” अध्यक्षबाई म्हणाल्या. “बसा दोघंही. कोण कुणाला काय देत होतं?”

मग शाळेत मारामारी करताना सापडल्यासारखं एकेकानं सांगितलं. पायथा. रस्ता. तार.

“एकच रस्ता?” कात्रीसाहेब पुढं सरकले. “एकच तार? दोन्हींना?” त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. ते हसू असावं असं नंतर सगळ्यांनी ठरवलं. “असं असेल तर खातं बघू शकेल. पण एवढ्या मोठ्या मापाचं दोन्ही नाही. कुणीतरी कमी करावं लागेल.”

अध्यक्षबाईंनी ढगोबाकडे बघितलं. “माझी मी मागं घेते. पुढच्या आराखड्यात बघू, मला तेवढं वय आहे.” हे त्या गोड हसून म्हणाल्या, म्हणून जास्त लागलं. “तुमचं सांगा. आठ मीटर नाही जमणार.”

ढगोबाला आठाच्या खाली मोजताच येत नव्हतं. आठ हा आकडा त्यानं इतकी वर्षं उशाशी घेतला होता, की सात म्हटलं तरी कुणाचा तरी पाय कापल्यासारखं वाटायचं. तो खिडकीकडे बघत राहिला. भोंगाही त्याच्याकडे बघत होता, आणि ओरडत नव्हता.

“चार,” ढगोबा म्हणाला. आवाज आपलाच आहे का, अशी त्याला शंका आली. “चार मीटर. आरसा लहान आहे, पण जागा चांगली आहे. तिथं माझ्यासारख्यालासुद्धा तारे दिसले होते.”

भोंग्यानं घसा साफ केला. “माझ्या तबकड्या निम्म्या लिहा,” तो म्हणाला. “आणि तार आधी वर न्या. त्याच्या दुर्बिणीचा घुमट फिरायला वीज लागते. आमचं काय, आम्ही थांबू.” मग त्याला आपण फारच चांगलं बोलल्याचं लक्षात आलं असावं, कारण त्यानं घाईनं जोडलं, “दोन दिवस.”

*

मंजुरी आल्यावर पाहणीला दोघं पठारावर गेले, टळटळीत दुपारी. ढगोबाची बायकोही आली. दुकानाला एक दिवस कुलूप घालून, बघू तरी कुठल्या बाईनं माझ्या नवऱ्याला इतकी वर्षं धरून ठेवलंय, असं म्हणत. वर गवताची काडी नव्हती. आकाश मात्र इतकं निळं, की बघून डोळ्याला पाणी यावं.

पायथ्याशीच भांडण सुरू झालं होतं, ते वर येईतो रंगलं.

“इथं मोबाइल चालायचा नाही,” भोंगा बजावत होता. “मायक्रोवेव्ह नाही. पेट्रोलची गाडी नाही, ठिणगी उडते, माझ्या तबकड्या बहिऱ्या होतील.”

“आणि दिवा चालायचा नाही. गाडीचे हेडलाइट नाहीत. शेकोटी नाही. माझा आरसा आंधळा होईल.”

“म्हणजे अंधारात,” वहिनी म्हणाली, “फोनशिवाय, थंडगार जेवण जेवून बसायचं?”

“हो,” दोघं म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं खरंखुरं एकमत झालं होतं.

“आणि इथं राहायला कोण येणार?”

यावर दोघांनी आपापल्या चष्म्यातून दूर बघितलं.

मोजणीवाल्यानं ढगोबाच्या हट्टापायी जमिनीवर चुन्यानं आरशाच्या मापाचं वर्तुळ आखलं. चार मीटर. एवढ्या मोठ्या पठारावर ते कुणी बशी विसरून गेल्यासारखं दिसत होतं. ढगोबा त्याच्या कडेकडेनं चालायला लागला, चुना बुटाला लागू नये अशा बेतानं. एक फेरी झाली तरी थांबेना.

“अरे, किती फिरशील?” भोंगा ओरडला, आणि समोरच्या डोंगरावरून त्याचाच आवाज परत आला.

“बरं झालं चारच मिळालं,” ढगोबा धापा टाकत म्हणाला. “आठ असतं तर या वयात दमलोच असतो.”

आणि तो पुढच्या फेरीला निघाला.